मोटार हवा घेते तेव्हा

"मौद्याला असली यंत्रं काय करायची? दोन हात पुरेत."

नागपूरजवळच्या मौद्याबद्दलचं हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की आता ते कुणा एकाचं राहिलेलं नाही. भूलतज्ज्ञ मित्र म्हणतात, आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले म्हणतात, शाळाशाळांतून सीपीआरची शिबिरं घेणारी उत्साही पोरंही म्हणतात. सगळी भली माणसं. त्यांच्याशी भांडणं जिवावर येतं, तरी भांडायला हवं. कारण हृदय बंद पडलेल्या माणसाच्या मेंदूपर्यंत रक्त पोचवणाऱ्या उपकरणांचा विषय निघाला, की या एका वाक्यानं तो तिथेच मिटतो.

आधी त्यांची बाजू नीट मांडतो. हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा, हे कुणालाही शिकता येतं. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली सामान्य माणसासाठी जी पद्धत ठरवली तिच्यात तोंडानं श्वास देण्याची भानगडही ठेवलेली नाही, नुसती छाती दाबायची. दुसरं, छाती दाबणाऱ्या यंत्रांवर जगात मोठमोठ्या चाचण्या झाल्या आणि त्यांत हातांपेक्षा यंत्र सरस ठरलं नाही. तिसरं, यंत्राला कित्येक लाख रुपये पडतात. आणि चौथं, ते आणलं तरी ग्रामीण रुग्णालयात वर्षभरात त्याची बॅटरी उतरते आणि त्यावर पांढरं कापड पडतं. म्हणून यंत्राचा नाद सोडा, माणसं शिकवा.

यातलं एकही विधान खोटं नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकलेला आहे.

मुळात हे 'दोन हात' आले कुठून? जुलै १९६० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक छोटासा लेख आला. लेखक तिघे, विल्यम कौवेनहोवेन, जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर. छाती न उघडता बाहेरून दाबून रक्त फिरवता येतं, आणि त्यासाठी दोन हातांशिवाय काही लागत नाही, हे त्यांनी मांडलं. २० रुग्णांपैकी १४ जगले होते. आज शिबिरात सांगितलं जाणारं सगळं त्या लेखातून उगवलेलं आहे. पण या तिघांतले कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते. ते विजेचे इंजिनिअर होते. अमेरिकेतल्या वीज कंपन्यांचे लाइनमन शॉक लागून मरत होते, म्हणून त्या कंपन्यांनी जॉन्स हॉपकिन्समधल्या या संशोधनाला वर्षानुवर्षं पैसे पुरवले. शोध चालला होता विजेचा झटका देऊन हृदय ताळ्यावर आणणाऱ्या यंत्राचा. कुत्र्यांवर प्रयोग करताना निकरबॉकरच्या लक्षात आलं, की झटका द्यायच्या आधी जड इलेक्ट्रोड छातीवर नुसते दाबून धरले तरी मांडीच्या धमनीतला दाब वर जातो. तेवढ्या एका नोंदीतून बाहेरून छाती दाबायची पद्धत निघाली.

म्हणजे ज्या दोन हातांचा दाखला देऊन यंत्राच्या शोधाला मोडता घातला जातो, ते हातच यंत्राच्या शोधात सापडलेले आहेत. वीज कंपन्यांनी 'लाइनमनला असली यंत्रं काय करायची' असं म्हटलं असतं, तर आज शिबिरात शिकवायला काही नसतं.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. त्याआधी शल्यविशारद छाती फाडून हृदय थेट मुठीत धरून पिळत. त्या पद्धतीत मेंदूला मिळणारं रक्त बाहेरून दाबण्यापेक्षा जास्त असतं. बाहेरून दाबणं सगळ्यांना जमतं, कुठेही जमतं, म्हणून ते जिंकलं. कमी रक्त पत्करून जास्त माणसांपर्यंत पोचण्याचा तो सौदा होता. चांगला सौदा होता. पण सौदा होता हे विसरून आपण त्यालाच धर्म मानून बसलो.

किती कमी रक्त? अगदी नियमाबरहुकूम, दमदार माणसानं छाती दाबली तरी हृदयातून एरवी जेवढं रक्त निघतं त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा निघतो. मेंदूच्या वाट्याला, सगळं जुळून आलं तर, नेहमीच्या तीस-चाळीस टक्के. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के आणि प्राणवायूचा खप वीस टक्के. असा उधळ्या घरचा कारभार असलेल्या अवयवाकडे शिल्लक काहीच नसते. रक्त थांबलं की दहाएक सेकंदांत शुद्ध जाते, चार ते सहा मिनिटांत पेशी मरू लागतात. हृदय बिचारं सोशिक, ते वीस मिनिटांनीही परत सुरू होऊ शकतं. म्हणून तर ते दृश्य वारंवार दिसतं. मॉनिटरवर रेघ उड्या मारू लागते, बाहेर नातेवाइकांना 'ठोके आले' सांगितलं जातं, कुणी हात जोडतं, आणि चार दिवसांनी कळतं की माणूस कुणाला ओळखत नाही, ओळखणारही नाही.

पीटर सफार या व्हिएन्नात जन्मलेल्या भूलतज्ज्ञानं तोंडानं श्वास देण्याची पद्धत रूढ केली, म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्याची अकरा वर्षांची मुलगी एलिझाबेथ १९६६ मध्ये दम्याच्या झटक्यात गेली. तिचं हृदय परत सुरू झालं होतं, मेंदू झाला नाही. पुढचं आयुष्य हा माणूस एकच गोष्ट सांगत राहिला, की हृदय-फुप्फुसाच्या पुनरुज्जीवनाच्या नावात मेंदू हा शब्द घाला. त्यानं घातलाही. नाव मात्र लांबलचक झालं आणि रूढ झालं नाही. आपण अजून तीनच अक्षरं म्हणतो, सीपीआर.

छाती दाबणं म्हणजे एक पंपच चालवणं, तेव्हा आता पंपाकडे येऊ. मौद्याकडच्या ओलिताच्या शेतकऱ्याला हे मला समजावून सांगावं लागणार नाही, तोच मला समजावेल. विहिरीवरची मोटार चालू आहे, आवाज करते आहे, पण पाणी येत नाही. तो पाइपाजवळ कान नेतो आणि म्हणतो, "मोटार हवा घेऊन राहिली." सक्शनच्या पाइपाला कुठेतरी चीर आहे, किंवा तळाचा फूट व्हॉल्व्ह, ज्याला बरेच जण फुटबॉलच म्हणतात, तो धरत नाही. मोटार ओढते आहे, पण पाण्याच्या जागी हवा आत शिरते आहे. अशा वेळी मोटारीला जास्त हॉर्सपॉवर देऊन काही होत नाही. आधी हवा बंद करावी लागते.

छातीचंही हेच आहे. दाबल्यावर रक्त पुढे जातं, हे सगळ्यांना दिसतं. सोडल्यावर काय होतं ते कुणी बघत नाही. छाती फुगून वर येते तेव्हा आत क्षणभर ओढ तयार होते आणि त्या ओढीनं शिरांतलं रक्त हृदयात भरतं. ते भरलं तरच पुढच्या दाबाला पुढे ढकलायला काही असतं. पण त्याच क्षणी श्वासनळी उघडी असते. बाहेरची हवा तिथून आत घुसते आणि ओढ मोडून टाकते. मोटार हवा घेते.

मेंदूच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. प्रत्येक दाबासरशी छातीतला दाब मणक्याभोवतीच्या शिरांतून आणि मेंदूभोवतीच्या द्रवातून कवटीतही चढतो. कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. खालून रक्त वर चढायला बघतं आणि वरून हा दाब त्याला थोपवतो. सोडताना छातीत चांगली ओढ तयार झाली तर कवटीतला दाबही उतरतो आणि रक्ताला वाट मिळते. म्हणजे ओढ राखली की दोन कामं होतात. हृदय भरतं आणि मेंदूचा दरवाजा उघडतो. जोर लावणाऱ्या दोन हातांना हे दुसरं काम करता येत नाही. हात ढकलू शकतात, ओढू शकत नाहीत.

मग ओढणार कोण? १९९० साली त्याच अमेरिकन नियतकालिकात सॅन फ्रान्सिस्कोची एक हकीकत छापून आली. घरात माणूस कोसळला. घरच्यांना सीपीआर येत नव्हतं, हाताशी होता तो तुंबलेला संडास मोकळा करायचा रबरी वाटीचा दांडा. त्यांनी तो छातीवर लावून वरखाली केला आणि माणूस वाचला. कीथ लुरी या हृदयरोगतज्ज्ञानं ती हकीकत हसण्यावारी नेली नाही. रबरी वाटी छातीला चिकटते आणि वर उचलताना छाती ओढते, हे त्याला दिसलं. त्यातून वाटी आणि मुठीचं हातानं चालवायचं उपकरण झालं. पाठोपाठ श्वासनळीच्या नळीवर किंवा मास्कवर बसवायची मुठीएवढी झडप आली. ती छाती वर येताना हवेला अडवते आणि आपण श्वास देतो तेव्हा वाट देते. फुटबॉलच म्हणा ना. या जोडीला अमेरिकेच्या एफडीएनं मार्च २०१५ मध्ये परवानगी दिली. झडपेला ना मोटार, ना मोठी बॅटरी. तिच्यावर एक छोटा दिवा असतो, तो मिनिटाला दहा वेळा लुकलुकतो. त्या दिव्याकडे मी पुन्हा येणार आहे.

इथे 'दोन हात'वाले चाचण्यांचा गठ्ठा टेबलावर आपटतात. आपटू द्या, उघडून वाचू या.

नुसत्या झडपेची सर्वांत मोठी चाचणी अमेरिका-कॅनडात झाली, २०११ मध्ये छापून आली. ८,७१८ रुग्ण. अर्ध्यांना खरी झडप, अर्ध्यांना तशीच दिसणारी नकली. बऱ्या मेंदूनिशी घरी गेलेले खऱ्या झडपेत ५.८ टक्के, नकलीत ६.०. फरक शून्य. हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी लॅन्सेटमध्ये झडप आणि ओढणारी वाटी या जोडीची चाचणी आली. तिच्यात साध्या हातांनी ५.८ टक्के, जोडीनं ८.९ टक्के. या चाचणीवर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. कोणाला काय लावलं ते सगळ्यांना दिसत होतं, पैसे संपल्यानं ती लवकर आटोपली, आणि जोडीच्या गटात फुप्फुसात पाणी होण्याचं प्रमाण जास्त निघालं, ११ टक्के विरुद्ध ७. मी उपकरणांची दलाली करायला बसलेलो नाही. पण विहिरीच्या भाषेत या दोन आकड्यांचा एक अर्थ लागतो. मोटारच नीट ओढत नसेल तर नुसता फुटबॉल बदलून पाणी येणार नाही. ओढ आणि अडवणूक दोन्ही एकत्र लागतात. हा अर्थ सिद्ध झाला असं मी म्हणत नाही. पण 'यंत्रं फसली, विषय संपला' हेही त्या कागदांत कुठे लिहिलेलं नाही.

छाती दाबणाऱ्या पिस्टनच्या यंत्राचं तर आणखी गमतीशीर आहे. २०१४ ची लिंक चाचणी, २,५८९ रुग्ण. २०१५ ची ब्रिटनमधली पॅरामेडिक चाचणी, ४,४७१ रुग्ण. दोन्हींत यंत्र आणि हात जवळपास बरोबरीत. यावरून निष्कर्ष निघतो, हात पुरेत. पण कोणाचे हात? स्वीडनचे, नेदरलँड्सचे, ब्रिटनचे. ज्यांचा रोजचा धंदाच हा आहे अशा पगारी, तालीम झालेल्या, एकाहून अधिक माणसांच्या पथकाचे हात. यंत्रानं त्यांची बरोबरी केली. पहिल्या नंबरच्या पैलवानाशी कुस्ती बरोबरीत सुटली, तर पैलवान दुबळा ठरत नाही आणि प्रतिस्पर्धीही टाकाऊ ठरत नाही. प्रश्न असा विचारायला हवा, की मौद्याच्या रस्त्यावर त्या पैलवानाच्या जागी कोण असतं?

मौदा नागपूर आणि भंडाऱ्याच्या साधारण मध्यावर, कन्हानच्या काठाला, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर. इथल्या ग्रामीण रुग्णालयातून मोठ्या ठिकाणी हलवायचं तर नागपूरचं मेडिकल, मेयो, किंवा पार मिहानकडचं एम्स. २०१४ पासून राज्यात १०८ ची सेवा आहे. सुरुवातीच्या ताफ्यात ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ अधिक सुसज्ज. देशात इतरत्र क्वचित असणारी एक चांगली गोष्ट आपण केली, प्रत्येक गाडीत डॉक्टर दिला. पण मागच्या भागात तो डॉक्टर एकटा असतो. चालक पुढे, गाडी हाकायला. त्या एकट्या माणसानं छाती दाबायची, श्वास देणाऱ्या अँबू बॅगचा फुगा दाबायचा, सुई लावायची, मॉनिटर बघायचा, आणि रडणाऱ्या भावाला बाजूला सारायचं. गाडी वळली, ब्रेक लागला, की तोल जातो. तेव्हा तो काय करतो? वरचा दांडा धरतो. दोन हात पुरेत म्हणणाऱ्यांनी हा हिशोब कधी केलाय? धावत्या गाडीत दोनांपैकी एक हात दांड्याला असतो.

मग गाडी चालवूच नये, जागेवरच करावं, असं उत्तर येतं. बरोबर आहे, नियमही तेच सुचवतात. जागेवर चालक मोकळा होतो, दोघं होतात. पण दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असा नियम आहे, कारण दोन मिनिटांत दाब उथळ होऊ लागतो आणि करणाऱ्याला ते कळतही नाही. मला स्वतःला कळलं नव्हतं. एका शिबिरात पुतळ्यावर मी मोठ्या आवेशात सुरुवात केली, दीड मिनिटानंतर पुतळ्याच्या बाजूचा हिरवा दिवा विझला आणि मी आपला दाबतोच आहे. त्याहून वाईट म्हणजे थकलेला माणूस छातीवर रेलतो. हात पूर्ण उचलत नाही. छाती वर येतच नाही, म्हणजे ती ओढ जी मुळात अपुरी होती, तीही गेली. दोन मिनिटांनी पाळी बदलत वीस मिनिटं काढायला निदान चार माणसं लागतात. गावकऱ्यांना शिकवा म्हणतात ते इथेच कामाचं आहे, आणि ते करायलाच हवं. पण शिकवलेले चार गावकरीही ढकलतील फक्त. ओढणार नाहीत.

आणि आता तो दिवा. टॉम ऑफडरहाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिलवॉकी शहरात १३ रुग्णांच्या बाबतीत मोजून बघितलं, की तालीम झालेली माणसं प्रत्यक्ष प्रसंगी किती श्वास देतात. ठरलेलं मिनिटाला बारा, प्रत्यक्षात सरासरी तीस. २००४ साली हे छापून आलं. घाईत हात फुगा दाबत सुटतो, कारण दुसरं काही करण्यासारखं सुचत नाही. आणि फुगा जितका दाबाल तितका छातीत दाब साठतो, शिरांतलं रक्त परत येईनासं होतं, मेंदूचा दरवाजा बंद राहतो. त्यांनीच डुकरांवर ताडून पाहिलं. मिनिटाला बारा श्वासांत सातांपैकी सहा जगली, तीस श्वासांत सातांपैकी एक. सातच जनावरं, मान्य. पण कौशल्य शिकलेल्या हातांनी, मदत करण्याच्या घाईत, मेंदूचं रक्त तोडलं जाऊ शकतं हे यातून दिसतं. यावर उपाय म्हणून पुन्हा एक दिवसाचं शिबिर घ्यायचं, की फुग्याच्या तोंडाशी सहा सेकंदांनी लुकलुकणारा एक दिवा बसवायचा? तो दिवा बनवायला कोणतंही मोठं तंत्रज्ञान लागत नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा पोरगा दुपारभरात बनवेल. शिकवलेलं विसरतं, दिवा विसरत नाही. हे लिहिताना मला राग येतो, कारण 'उपकरण' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फीत कापायचं लाखो रुपयांचं धूड येतं. मेंदूचं रक्त वाढवणारं उपकरण पाच-पन्नास रुपयांच्या भागांतूनही सुरू होऊ शकतं, हे सुचतच नाही.

उपकरणं धूळ खात पडतात, या मुद्द्यावर मी 'दोन हात'वाल्यांच्याच बाजूनं आहे, वेगळ्या कारणानं. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हाच्या पाहणीत राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणं बंद निघाली होती. पण यातून 'उपकरणं नकोत' असं निघत नाही. 'दुसऱ्याच्या हवेसाठी बनवलेली उपकरणं नकोत' असं निघतं. पिस्टनवालं एक प्रसिद्ध यंत्र घ्या, ल्युकस नावाचं. ते १७ ते सुमारे ३० सेंटिमीटर उंचीच्या छातीवर बसतं. धान रोवणाऱ्या, हाडं मोजता येतील अशा म्हाताऱ्या बाईची छाती त्यात बसेलच असं नाही. ते चालवायचं कमाल तापमान ४० अंश. नागपूरच्या मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून जास्त. रबरी वाटी घामेजल्या छातीवर सुटते. असं यंत्र स्वीडनमध्ये बनलं, स्वीडनसाठी उत्तम आहे. त्याच्या धुळीचं खापर मौद्यावर कशाला?

आपल्या हवेसाठी आपण बनवू शकतो का, याचंही उत्तर महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या जीवट्रॉनिक्स या छोट्या कंपनीनं हातानं दांडा फिरवून चार्ज होणारा, हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर बनवला, सॅनमित्र नावाचा. लाइट नसेल तरी चालतो. वीज गेली तर काय, हा प्रश्न स्टॉकहोमच्या अभियंत्याला पडायचं कारण नाही. पुण्याच्या माणसाला पडला. मुंबईच्या आयआयटीत २०१४ मध्ये राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीनं 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र निघालं आणि त्याची एक शाखा नागपूरच्या व्हीएनआयटीत आहे. म्हणजे इंजिनिअर, डॉक्टर आणि कारखान्याची अवजारं एका छताखाली आणायची सोय मौद्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. तिथल्या कुणी या प्रश्नाला हात घातला तर त्याला 'हे आपल्याकडे चालत नाही' असं सांगणारे आपणच नसावं, एवढीच अपेक्षा आहे.

एक भीती मात्र मला स्वतःला आहे, ती सांगतो. सध्या डोकं उंच करून सीपीआर देण्याची बरीच चर्चा आहे. डोकं वर केलं की कवटीतलं अशुद्ध रक्त उतारानं खाली येतं, दाब कमी होतो, असा विचार. डुकरांवरच्या प्रयोगांत त्याचे चांगले परिणाम दिसले, पण तिथे आधी ओढणारी वाटी आणि झडप लावून रक्त चढतं केलं होतं आणि मग डोकं हळूहळू उचललं होतं. नुसत्या हातांनी छाती दाबताना डोकं उचललं तर रक्ताला चढ चढावा लागतो आणि मेंदूला मिळतं तेही कमी होतं. आंतरराष्ट्रीय समितीनंही चाचण्यांबाहेर ही पद्धत सरसकट वापरू नका असंच सुचवलं आहे. तेव्हा हा लेख वाचून कुणी कोसळलेल्या माणसाच्या डोक्याखाली उशी सरकवू नये. सपाट, कडक जमिनीवर निजवा आणि दाबा. उपकरणांची बाजू मांडताना हे सांगणं माझं काम आहे, कारण अर्धवट वाचलेलं यंत्रशास्त्र जीव घेतं.

'आमच्या माणसांवर प्रयोग करणार का?' असाही एक प्रश्न पाठोपाठ येतो. नाही, लगेच नाही. आधी मोजायचं. छातीवर ठेवायच्या हाताखाली एक पातळ पट्टी ठेवून खोली, वेग आणि हात पूर्ण उचलला जातो का हे नोंदवता येतं. फुग्याचे श्वास मोजता येतात. यात रुग्णाला काही वेगळं दिलं जात नाही. नागपूर-भंडारा रस्त्यावरच्या गाडीत खरोखर किती दाब पडतो, किती वेळा हात दांड्याकडे जातो, किती श्वास दिले जातात, हे मोजून ठेवलं तर निदान आपलं भांडण आकड्यांवर होईल. आज ते स्वीडनच्या आकड्यांवर होतं आणि निर्णय मौद्यासाठी होतो.

आणि वीज. मौद्याच्या एनटीपीसी प्रकल्पाची क्षमता २,३२० मेगावॅट. इथून निघालेली वीज कुठे कुठे जाते आणि त्या तारांवर, डीपींवर, शेतातल्या मोटारींवर माणसं शॉक लागून पडतात. पडणारी बहुतेक धडधाकट, कमावती माणसं. त्यांच्या हृदयात दोष नसतो, मेंदूत नसतो, फक्त तालबिघाड झालेला असतो. वाचवण्यासारखी याहून चांगली माणसं कुठली? नव्वद-शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी आपल्या लाइनमनसाठी पैसे दिले आणि त्यातून जगाला दोन हात मिळाले. सामाजिक जबाबदारीचा निधी खर्चायला आपल्याकडे २०१३ चा कंपनी कायदा आहे, पैशाचं कारण नको.

व्हीएनआयटीतल्या, किंवा कुठल्याही कॉलेजातल्या, ज्या मुलामुलींना हे वाचून कागद-पेन्सिल घ्यावीशी वाटेल, त्यांना एकच विनंती आहे. चित्र काढायच्या आधी परवानगी घ्या आणि महिनाभर मौदा-नागपूर रस्त्यावरच्या १०८ मध्ये मागे बसा. मेमध्ये बसा. डॉक्टरचा दुसरा हात ज्या दांड्याला जातो, तो दांडा आधी नीट बघून या.